बोहनीचे साडेसात रुपये

मामाजी,

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. पाहुणे आपापल्या गावी गेले, मंडपवाल्याच्या खुर्च्या गेल्या, आणि कालपासून मी परत शिलाईच्या खोलीत बसून जाहिरातीचं पान उघडायला लागले. तुम्ही त्याला आरोळीचं पान म्हणायचात. काल एकतीस जणांनी आपली जाहिरात दाबली, त्यातल्या दोघांनी गोधडी घेतली. एक पुण्याला जाणार, एक छिंदवाड्याला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत ऐकाल. धंदा चालू आहे.

खरं तर मी तुमची माफी मागायला बसणार होते. उन्हाळ्यापासून ती माफी तोंडात घेऊन फिरत होते. तुम्ही समोर दारात खुर्ची टाकून बसलेले असायचात, मी चहा आणून द्यायची, कप परत न्यायची, आणि सुरुवात कुठून करावी ते सुचायचं नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी सगळे रडत होते तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं, की हा माणूस माझ्यावर रुसून गेला, आणि आता हे मला जन्मभर पुरणार. राजेशनाही मी हे बोलले नाही. तुमच्या मुलाला काय सांगू, की तुमच्या बापाला मी सगळ्यांदेखत घालूनपाडून बोलले?

पण सुरुवात भांडणाची नव्हती, कटपीसची होती. चाळीस वर्षं तुम्ही आठवडी बाजार केले. दारव्हा, दिग्रस, आर्णी, नेर. ताडपत्रीवर कापडाच्या तुकड्यांचा ढीग, हातात लोखंडी गज, आणि तुमचा तो आवाज. मी लग्न होऊन आले तेव्हा गुडघ्यांनी तुम्हाला घरी बसवलं होतं आणि मागच्या खोलीत न विकलेल्या कापडाची अकरा गाठोडी होती. मी पुसदच्या क्लार्कची मुलगी. आमच्या घरी महिन्याच्या एक तारखेला पगार यायचा, त्यापलीकडे पैसा कसा येतो ते मला ठाऊक नव्हतं. त्या गाठोड्यांतल्या मऊ सुती तुकड्यांच्या मी बाळांसाठी लहान गोधड्या शिवायला लागले, शेजारच्या छबू मावशी मदतीला आल्या, आणि राजेशच्या मित्राने ‘दारव्हा गोधडी’ नावाचं ऑनलाइन दुकान काढून दिलं. तीन महिन्यांत चार गोधड्या गेल्या. त्यातल्या दोन माझ्याच मैत्रिणींनी घेतल्या.

मग मी जाहिरात द्यायचं ठरवलं. रोजचे तीनशे रुपये. राजेश पंपाच्या दुकानात दिवसभर मोटारी बांधून जेवढं आणतात त्याच्या मानाने ते फार होते, म्हणून मी आधी तुम्हाला विचारलं. तुम्हाला वाटलं होतं पेपरात छापून येणार. मी समजावलं, की कोणी मोबाइलवर गोधडी शोधली की आपलं नाव वर दिसतं, दिसण्याचे पैसे नाहीत, त्याने दाबलं तर पैसे.

“म्हंजे गिऱ्हाईक दुकानात शिरलं का आपन पैसे द्याचे? घेवो का न घेवो?”

“हो.”

तुम्ही थोडा वेळ पान चघळलंत. “मंग सुनबाई, कोनालेही आत येऊ देऊन जमत नाही. घेनाराच आला पाह्यजे.”

नंतर मी महिनोन्महिने व्हिडिओ पाहिले, वह्या भरल्या, नागपूरच्या एका बाईंचा ऑनलाइन क्लास केला. सगळ्यांचं सार तुमच्या या एका वाक्यापलीकडे फारसं गेलं नाही. क्लासच्या फीचे पैसे वाया गेले, हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. आता सांगते.

दुपारी आपण ती यादी वाचायचो, आठवतं? लोकांनी काय काय टाइप करून आपली जाहिरात दाबली त्याची यादी. मी मोठ्याने वाचायची आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचात, गिऱ्हाईक समोर उभं असल्यासारखं. ‘गोधडी कशी शिवायची.’ “हा शिकायले आला. काढून टाक.” ‘गोधडी चित्र.’ “हा पाहून जाते. काढ.” ‘जुनी गोधडी धुणे.’ “याच्या घरी आहे, हा कायले घेते?” मी एकेक शब्द नको असलेल्यांच्या यादीत टाकायची. पंधरा दिवसांत फुकटची वर्दळ निम्म्याने कमी झाली. आणि एक दिवस मी वाचलं, ‘आईच्या साडीची गोधडी शिवून मिळेल का’. तुम्ही डोळे उघडलेत. “हे कोन होय?” मी म्हटलं कोण ते दिसत नाही, फक्त शब्द दिसतात. तुम्ही म्हणालात, “याची माय गेली असन. हा मानूस भाव नाही करत. याच्यासाठी पैशे लाव.”

मी लावले. आज आपल्या दहातल्या सहा ऑर्डरी आईच्या साडीच्या असतात.

जागेचंही तसंच. मला पहिला नंबर हवा होता. सगळ्यात वर आपलं नाव दिसलं पाहिजे असा माझा हट्ट, आणि त्यासाठी एका क्लिकला मी पंधरा रुपयांपर्यंत बोली लावून बसले होते. तुम्ही म्हणालात तिसऱ्या जागेवर बस. “पयल्या दुकानात लोक भाव इचारतात, दुसऱ्यात घासाघीस करतात, तिसऱ्यात घेतात. पाय दुखलेले असतात बिचाऱ्याचे.” मी हसले. म्हटलं मामाजी, मोबाइलवर कोणाचे पाय दुखतात? पण आठवडाभर करून पाहू म्हणून बोली उतरवली. क्लिक साडेसात रुपयांवर आला आणि ऑर्डरी होत्या तेवढ्याच राहिल्या. त्या रविवारी तुम्ही बाजारातून स्वतः जाऊन मटण आणलंत आणि राजेशला म्हणालात, “तुही बायको धंद्याची आहे, फक्त थोडी भिडस्त आहे.” मला तो ‘भिडस्त’ शब्द लागला होता. घेणाऱ्याने फोन करून रडवेला सूर लावला की मी शंभर-दीडशे सोडून द्यायची, हे तुम्ही भिंतीपलीकडून ऐकायचात.

एवढं छान चाललेलं असताना उन्हाळ्याच्या तोंडाशी ते सुरू झालं. सकाळी नऊ-साडेनऊलाच दिवसाचे तीनशे संपायचे. आपल्या गोधड्या घेणाऱ्या बायका दुपारी बाळ झोपलं की मोबाइल हातात घेतात. त्या वेळी आपली जाहिरात बंद. आठवड्यात ऑर्डरी निम्म्यावर आल्या. यादीत रोज आपल्याच दुकानाचं नाव दिसायचं, म्हणून मला वाटलं दुसरा कोणी गोधडीवाला मुद्दाम ते टाकून आपली जाहिरात दाबतोय. मी कोणाकोणावर संशय घेतला ते आठवलं तरी लाज वाटते. कंपनीला तक्रार केली. त्यांचं उत्तर आलं की संशयास्पद काही आढळलं नाही. बरोबरच होतं त्यांचं. एकाच मोबाइलवरून दहा वेळा दाबलं तर त्यांना कळतं, पैसेही परत देतात. चाळीस घरांतली चाळीस माणसं मायेने एकेकदा दाबतात तेव्हा संशय कोणाला येणार?

मग ती सकाळ. मी लवकर चहा घेऊन आले तर तुम्ही खोलीतल्या तुमच्या वेताच्या मोढ्यावर बसलेले. मोबाइल हातभर लांब धरलेला, एका बोटाने टाइप चाललेलं. दारव्हा गोधडी. वरची जाहिरात दाबलीत, आपलं दुकान उघडलं, आणि मोबाइल कपाळाला लावलात. बाजारातल्या पहिल्या विक्रीची नोट लावायचात तसा.

“हे काय करता मामाजी?”

“बोहनी.” चेहरा असा, की लेकराने पहिला नंबर आणलाय. “दुकान उघडलं का पयलं पाऊल घरच्याचं पडलं पाह्यजे. अन् मी एकटा नाही वं. ग्रुपवर सांगतलं सगळ्याइले. केळापूर, दिग्रस, तुह्या माहेरचे सुद्धा. चाळीस घर करून राह्यले रोज सकाळी.”

मी पूर्वी एकदा तुम्हाला छेडलं होतं, की तुम्ही नवस मानत नाही, मुहूर्त मानत नाही, विहारात भाषणं करता, मग ही बोहनी कशी मानता? तुम्ही म्हणाला होतात, “बोहनी देवाची नसते, गिऱ्हाइकाची असते.” त्या सकाळी मला ते काही आठवलं नाही. चाळीस घरं, साडेसात रुपये, बरोबर तीनशे. मनातल्या मनात एवढा गुणाकार झाला आणि माझं डोकं फिरलं.

मी काय काय बोलले ते तुमच्यासमोर परत लिहवत नाही, पण लिहिते. मी म्हटलं, एका बोटाचे साडेसात रुपये जातात, कळतं का तुम्हाला? म्हटलं, दोन महिने मी लोकांवर संशय घेतेय आणि चोर घरातच बसलाय. म्हटलं, तुमच्यामुळे माझं दुकान बुडायला लागलं. तोवर छबू मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात सुईदोरा. त्यांना पाहूनही मी थांबले नाही. म्हटलं, आजपासून माझ्या दुकानाच्या कशालाही हात लावायचा नाही.

माझं दुकान! कापड तुमचं, खोली तुमची, अक्कल तुमची, आणि म्हणे माझं दुकान.

तुम्ही मोबाइल खिशात ठेवलात, मोढा उचललात आणि खोलीच्या बाहेर, दाराच्या पलीकडे नेऊन ठेवलात. त्या दिवसानंतर तुम्ही खोलीत आला नाहीत. मोढा टोचतो म्हणून मी खुर्ची दिली, ती तुम्ही बाहेरच ठेवलीत. यादी वाचायला या म्हटलं तर “तू वाच, आयकू येते इथून” म्हणायचात. ऐकायचात, पण ‘काढ’ म्हणायचं नाही, ‘लाव’ म्हणायचं नाही. कापड दाखवलं तर हात न लावता लांबूनच “बरं आहे.”

चार दिवसांनी राजेश कामावर गेल्यावर तुम्ही पिशवी भरलीत. “बहिनीले भेटून येतो.” ज्या गुडघ्यांना विहारापर्यंत जायला काठी लागायची त्यांना घेऊन तुम्ही एसटीने केळापूरला गेलात, तिथून दिग्रसला, तिथून माझ्या माहेरी पुसदला. मी आईला फोन केला, मामाजी आलेत का? आई अडखळली. “आलते. चहा घेतला, बसले थोडं, गेले.” काय बोलले? “काही नाही वं. काहून इचारतं?” आईचा तो चोरटा आवाज ऐकून मला खात्रीच पटली. तुम्ही घर सोडून नातेवाइकांकडे माझी गाऱ्हाणी सांगत फिरताय. मला रागही आला आणि माझाच मला तिरस्कारही वाटला.

तुम्ही परत आलात आणि जाहिरातीवरचे सकाळचे क्लिक एकदम थांबले. नऊला नाही, दहाला नाही, पहिला क्लिक अकराच्या सुमारास, तो पण अनोळखी. दुपारी जाहिरात दिसायला लागली, ऑर्डरी वाढल्या. जूनमध्ये तर छबू मावशींच्या जोडीला अजून एक बाई घ्यावी लागली. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला दिसत होतं ते एवढंच, की चाळीस घरांनी माझ्या दुकानाकडे पाठ फिरवली, आणि ती तुम्ही फिरवायला लावलीत.

मी एकदा प्रयत्न केला. तुम्ही जायच्या आठवडाभर आधी. थंडीचं बजेट ठरवायचं होतं, आणि गेल्या वर्षी याच प्रश्नावर आपण आठ दिवस कडाकडा भांडलो होतो. तुमचं म्हणणं, थंडीत सगळे ब्लँकेटवाले, रजईवाले आरोळ्या ठोकतात, क्लिक महाग होतो, त्या वेळी गप बसावं. पोळ्याच्या बाजारात ओरडून घसा फाडण्यापेक्षा सुन्या बाजारात हळू बोललेलं ऐकू जातं. माझं म्हणणं, थंडीत नाही तर गोधडी विकायची कधी, वैशाखात? शेवटी बजेट आहे तेवढंच ठेवलं आणि कोण बरोबर ते ठरलंच नाही. म्हणून मी यंदा मुद्दाम तोच विषय काढला. वाटलं, तुम्ही चिडाल, मी चिडेन, आणि चिडता चिडता मला माफी मागता येईल.

“मामाजी, थंडीचं किती ठेवू?”

तुम्ही रस्त्याकडे पाहत होतात. “तूच पाह्य.”

एवढंच. मी आत येऊन मशीनवर बसले आणि टीप सरळ येईना.

मग ती सकाळ आली. चहा पिऊन झाला होता, कप खाली ठेवलेला होता, सांडलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले त्रास झाला नसावा. सगळ्यांना त्यात समाधान वाटलं. मला नाही वाटलं, कारण मला जो त्रास माहीत होता तो डॉक्टरांना सापडणारा नव्हता.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, जेवणं झाली, आणि केळापूरच्या आत्याबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. तुमची बहीण. तुमच्यासारखंच नाक, तुमच्यासारखंच डोळे मिटून बोलणं. मला वाटलं, आता या मला सुनावणार. त्यांनी पदराच्या गाठीतून मोबाइल काढला.

“सुनबाई, एक पाह्य बरं. आज सकाळी बोहनी केली त निराळंच काही उघडलं. दादा असता त दादाले इचारलं असतं.”

मला कळेना. “कसली बोहनी?”

“अवं रोजची.” आणि त्यांनी मला करून दाखवलं. दारव्हा गोधडी टाइप केलं. वर आपली जाहिरात आली. आत्याबाईंनी बोट तिच्यावरून असं जपून नेलं, गरम तव्यावरून नेतात तसं. खाली सरकवत गेल्या. खाली आपल्याच दुकानाचं नाव परत होतं, साधं, जाहिरात नसलेलं, ज्याला एक पैसा पडत नाही. तिथे त्या थांबल्या. “हे दाबाचं. वरचं पैशेवालं होय, त्याले हात नाही लावाचा. वरचं दाबलं का माही सून कावते, असं म्हने दादा.”

“मामाजींनी शिकवलं?”

“आलता नं उन्हाळ्यात. दोन घंटे बसला माह्याजवळ. माह्या बोटाले वळण नाही, मले लवकर येईना. म्हने, आक्के, चाळीस घर फिरून राह्यलो, फोनवर सांगून नाही समजत लोकाइले. मंग पुढं जाऊन दिग्रसच्या पोट्ट्याइले शिकवलं, तुह्या मायले शिकवलं पुसदले, मले फोनवर सांगे. तुही माय त दोन टाइम दाबे म्हने, सकाळी अन् सिरियल झाल्यावर. दादा म्हने, हे सुनबाईले सांगू नका, मायवर ओरडन अन् मंग रडत बसन.”

मी आत्याबाईंचा हात धरला. विचारायला भीती वाटत होती, पण तिथे नाही विचारलं असतं तर कधीच विचारलं नसतं. म्हटलं, आत्याबाई, मी त्यांना फार वाईट बोलले होते. छबू मावशींसमोर. ते माझ्यावर रुसले होते, खोलीत यायचे बंद झाले.

आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की ही पोरगी कुठल्या मुलखातली.

“रुसला? अवं तो त हसू हसू मेला सांगताना! तू कशी बोलली ते नक्कल करून दाखवे. चोर घरातच बसलाय, म्हने.” मग त्यांनी पदराने डोळे पुसले. “आमच्या बापानं दादाले ताडपत्रीवर बसवलं नं, त्या दिवशी बापबी उठून पलीकडे जाऊन बसला. गिऱ्हाइकाच्या बाजूनं. बाजारात असंच असते. ज्याले दुकान देल्लं त्याच्या मालाले मंग हात नाही लावाचा, भावात तोंड नाही घालाचं. मोठ्या मानसानं इचारल्यावरही सांगू नये, नाहीतर नव्याचा जीव बसत नाही धंद्यात. दादा म्हने, मले लय धास्ती होती आक्के, पोरगी भिडस्त आहे, माल देईन अन् पैसे मांगायले लाजन. पर तिनं मलेच उठवलं. माह्या दुकानाले हात लावू नका म्हने. आता मी मोकळा झालो.”

मामाजी, मी तिथे बायकांमध्ये बसून इतकी रडले की लोकांना वाटलं सुनेचा सासऱ्यावर फार जीव होता. होताच. पण ते रडणं सुटकेचं होतं. छातीवर ठेवलेला पाटा कोणीतरी उचलावा आणि मग श्वास किती खोल जातो ते कळावं, तसं. मी एकीकडे रडत होते आणि एकीकडे मला हसू येत होतं, कारण माझी आई समोरच बसली होती आणि आत्याबाईंचं बोलणं कानावर पडल्यामुळे ती ताटातली बुंदी मोजत होती.

रात्री राजेशना सगळं सांगितलं. भांडणासकट. ते म्हणाले, मला माहीत होतं. बाबा म्हणाले होते, तिला सांगू नको, बाजाराची रीत सांगून कळत नसते. मी विचारलं, तुम्ही पाच महिने माझं तोंड पाहत होता, तुम्हाला दया आली नाही? ते म्हणाले, मला वाटलं धंद्याचं टेन्शन आहे. तुमचा मुलगा मोटारी चांगल्या बांधतो. बाकी आनंद आहे.

आता थोडा राग. नाही म्हणजे, तुम्हाला मोकळं वाटलं, केळापूरला नकला झाल्या, पुसदला चहा झाला, आणि मी इथे पाच महिने झुरत होते त्याचं काय? एकदा, फक्त एकदा, दारातल्या खुर्चीवरून माझ्यासमोर हसला असतात तर काय बिघडलं असतं? रीत होती, मान्य. पण मी बाजारात वाढलेली नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. एवढं तुमचं चुकलंच, आणि हे मी आत्याबाईंनाही सांगितलं.

आणि अजून एक ऐका. परवा एका व्हिडिओत कळलं, की आपल्याच दुकानाचं नाव शोधणाऱ्याला जाहिरात दाखवायचीच नाही, अशी सोय आहे. नको असलेल्या शब्दांत आपलंच नाव टाकायचं. ‘कशी शिवायची’ आणि ‘चित्र’ जिथे टाकलं, तिथेच. पाच मिनिटांचं काम. मग चाळीस काय, चारशे घरांनी बोहनी केली तरी एक रुपया जात नाही. मला हे उन्हाळ्यात कळलं असतं तर भांडण झालं नसतं, आणि तुम्हाला ते गुडघे घेऊन एसटीने तीन गावं फिरावं लागलं नसतं. आधी मला फार वाईट वाटलं. मग वाटलं, बरं झालं नाही कळलं. त्या सोयीने पैसे वाचले असते. दुकान माझं झालं नसतं.

कृतज्ञ आहे वगैरे मोठे शब्द तुमच्यासमोर वापरले तर तुम्ही इकडेतिकडे पाहायला लागायचात. म्हणून साधंच सांगते. परवा एका बाईने आईच्या साडीची गोधडी शिवून घेतली आणि पैसे द्यायच्या वेळी फोनवर सूर लावला. मी ऐकून घेतलं, त्यांच्या आईबद्दल दोन शब्द बोलले, आणि पूर्ण पैसे घेतले. त्या नाराज झाल्या नाहीत. मला इतकी वर्षं वाटायचं लोक नाराज होतात.

काल दुपारी थंडीचं बजेट ठरवायला बसले. छबू मावशी कापडावर खडूने रेघा ओढत होत्या. बऱ्याच दिवसांनी डोकं स्वच्छ होतं. गेल्या थंडीचे आकडे काढले, तुमचं म्हणणं एका बाजूला मांडलं, माझं दुसऱ्या बाजूला. तुमच्या म्हणण्यात अर्थ आहे, क्लिक खरोखरच महागतो. पण आईच्या साडीवाले लोक ब्लँकेटच्या बाजारात नसतातच, ते वेगळ्या गल्लीत शोधतात, आणि थंडी पडली की त्यांना आईची आठवण जास्त येते. तुमचं चुकतंय, मामाजी. पाच महिने मला असं म्हणायची हिंमत नव्हती, मनातसुद्धा.

मावशी म्हणाल्या, “मामाजीले इचारलं असतं त काय म्हनले असते?”

“नाहीच म्हणाले असते,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, आणि आम्ही दोघी खदखदून हसलो. या घरात सोळा दिवसांत पहिल्यांदा.

मग मी बजेट दुप्पट केलं.